हात वाळतो, पण बधिर होत नाही

पायातली चप्पल निसटते, अशी तक्रार घेऊन येणारे रुग्ण दोन प्रकारचे असतात. एकाला चप्पल निसटल्याचे लगेच कळते. तो थांबतो, मागे वळतो आणि पुन्हा पाय घालतो. दुसऱ्याला ते कळतच नाही. तो चार पावले तसाच अनवाणी चालतो आणि मागून घरातले कोणी तरी ओरडते, "अहो, चप्पल मागे राहिली." ऐकायला हा फरक किरकोळ वाटेल. पण रुग्णाने एवढे नीट सांगितले, की आमचे बरेचसे काम होऊन जाते. ज्याला कळत नाही, त्याच्या तळपायाची संवेदना गेलेली असते. तेथे मधुमेह, कुष्ठरोग, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता हे आधी मनात येते. ज्याला कळते, पण पंजाने चप्पल धरून ठेवता येत नाही, त्याची संवेदना शाबूत आहे आणि ताकद कमी झाली आहे.

ताकद कमी होण्याची कारणे पुष्कळ आहेत आणि त्यांतली बरीचशी उपचारांनी आटोक्यात येणारी आहेत. पण त्यांत एक कारण असे आहे, की त्याचे नाव तोंडातून काढण्यापूर्वी कोणताही डॉक्टर दहा वेळा विचार करतो. त्याला मोटर न्यूरॉन डिसीज म्हणतात. मराठीत प्रेरक चेतापेशींचा आजार म्हणता येईल. अमेरिकेत याच्या नेहमीच्या प्रकाराला ए.एल.एस. म्हणतात. या आजाराविषयी वाचकांची पत्रे अधूनमधून येतात. बहुतेक पत्रांत "यावर औषध काय?" हा प्रश्न असतो. त्याचे उत्तर शेवटी देणारच आहे. पण माझ्या मते त्याआधीचा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे : हा आजार आहे की नाही, हे ठरवायचे कसे? कारण या आजाराचा शिक्का चुकीच्या माणसावर बसला तर अनर्थ होतो, आणि योग्य माणसावर उशिरा बसला तरी नुकसान होतेच.

दोन तारा

शेतकरी वाचकांना हे समजायला सोपे जाईल. विहिरीवरच्या मोटारीला वीज दोन टप्प्यांत येते. सबस्टेशनपासून डी.पी.पर्यंत एक तार आणि डी.पी.पासून मोटारीपर्यंत दुसरी. आपल्या शरीरातही तसेच आहे. मेंदूच्या पृष्ठभागावरून निघणारी पेशी मेंदूच्या देठापर्यंत किंवा मज्जारज्जूपर्यंत येते. ही वरची तार. तेथून दुसरी पेशी निघते आणि थेट स्नायूत जाते. ही खालची तार. हात उचल, घास गीळ, श्वास घे, हे सारे हुकूम या दोन तारांवरून जातात. स्पर्श, वेदना, गरम-थंड यांच्या तारा वेगळ्या आहेत आणि या आजारात त्यांना सहसा धक्का लागत नाही.

खालची तार तुटली, की स्नायू वाळतो, मऊ पडतो आणि त्वचेखाली फडफडू लागतो. वरची तार तुटली, की उलट होते. तिथे मोटारीची उपमा संपते आणि लगामाची सुरू होते. वरची पेशी हुकूम देते तशी खालच्या पेशीला आवरूनही धरते. हा लगाम सुटला, की पाय ताठ होतात आणि गुडघ्याखाली हातोडी मारताच पाय उसळतो. ज्या रुग्णात या दोन्ही तारा एकाच वेळी, हळूहळू आणि पसरत पसरत निकामी होत जातात, त्याला हा आजार असण्याची शक्यता मोठी.

हे कोडे प्रथम उलगडले ते पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातील ज्याँ-मार्तिन शार्को या डॉक्टरने. १८६९ साली त्याने या आजाराचे वर्णन प्रसिद्ध केले. रुग्ण जिवंत असताना तो काळजीपूर्वक तपासायचा आणि मृत्यूनंतर त्याचा मज्जारज्जू सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. वाळलेले स्नायू आणि मज्जारज्जूतील नष्ट झालेल्या पेशी यांची सांगड त्याने घातली. त्याच्याकडे ना एक्स-रे होता ना स्कॅन. दीडशेहून अधिक वर्षे लोटली, तरी निदानाचा गाभा तोच आहे. रुग्णाचे ऐकायचे, त्याला उघडे करून नीट पाहायचे आणि हातोडी मारायची.

सामान्य लोकांना हा आजार दोन माणसांमुळे माहीत झाला. पहिला अमेरिकेचा बेसबॉलपटू लू गेरिग. सलग २,१३० सामने खेळलेला हा धिप्पाड माणूस १९३८च्या हंगामात मंदावला. १९३९ साली निदान झाले आणि १९४१ साली वयाच्या ३७व्या वर्षी तो गेला. दुसरे शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग. १९६३ साली, वयाच्या २१व्या वर्षी, त्यांना हा आजार असल्याचे सांगण्यात आले आणि ते २०१८पर्यंत जगले. २००१च्या जानेवारीत एका परिषदेसाठी ते मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले होते, तेव्हाची चाकाच्या खुर्चीतली त्यांची छायाचित्रे अनेकांना आठवत असतील. नातेवाईक मला नेहमी हॉकिंगचे नाव सांगतात. मी त्यांचा हिरमोड करीत नाही, पण हॉकिंग हा अपवाद होता हे सांगणे भाग पडते. सर्वसाधारणपणे पहिल्या लक्षणापासून तीन ते चार वर्षांत रुग्ण दगावतात. दहांतला साधारण एक जण दहा वर्षांपेक्षा जास्त जगतो.

मानेचा मणका की आणखी काही?

आमच्याच तालुक्यातील एका प्राथमिक शिक्षकांची हकीगत सांगतो. वय ५६. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. त्यांच्या आजाराची पहिली चाहूल घरच्यांना लागली नाही, बँकेतल्या कारकुनाला लागली. गुरुजींचा धनादेश सही जुळत नाही म्हणून परत आला. मग लक्षात आले, की खडू निसटतो, कुलपात किल्ली फिरत नाही, सदऱ्याचे वरचे बटण लागत नाही. उजव्या अंगठ्याच्या बुडाशी असलेला मांसल उंचवटा सपाट झाला होता. दुखत काहीच नव्हते. दुखत नाही म्हणून तीन-चार महिने दाखवलेच नाही. आपल्याकडे दुखणे म्हणजेच आजार, असा समज आहे.

पुढे मानेचा एम.आर.आय. झाला. त्यात मणके झिजलेले आणि एका ठिकाणी चकती थोडी मागे सरकलेली दिसली. मानेला पट्टा आला, वजन लावून ताण देणे झाले आणि वर्षभराने मोठ्या शहरात शस्त्रक्रियाही झाली. हात सुधारला नाही. सहा महिन्यांनी बोलणे जड झाले, तेव्हा ते माझ्याकडे आले.

मी शस्त्रक्रिया करणाऱ्यांना दोष देणार नाही. मानेतल्या मज्जारज्जूवर दाब आला, की हात वाळतात आणि पाय ताठ होतात. म्हणजे खालची तार हातात तुटते आणि वरची पायात. या आजाराशी सर्वांत जास्त गल्लत होते ती मानेच्या मणक्याच्या विकाराचीच. शिवाय पन्नाशी उलटलेल्या कोणाही माणसाच्या मानेचा एम.आर.आय. काढा, झिजलेली चकती सापडणारच. तक्रार नसलेल्यांतही सापडते. फोटोत दिसलेली गोष्ट हीच रुग्णाच्या त्रासाचे कारण आहे, असे समजणे म्हणजे घरात चोरी झाली म्हणून दारात उभा असलेला पहिला माणूस धरण्यासारखे आहे.

मणक्याच्या विकारात मान किंवा हात बहुधा दुखतो, बोटांना मुंग्या येतात, बधिरपणा येतो, पुढे लघवीवरचा ताबाही कमी होतो. गुरुजींना यांतले काहीच नव्हते. कापसाचा बोळा आणि टाचणी लावून पाहिली. दोन्ही हातांत आणि दोन्ही पायांत त्यांना सारखेच कळत होते. मग मी त्यांना तोंड उघडायला सांगितले.

जीभ बाहेर काढायला सांगून पाहू नये, ती तोंडातच सैल पडलेली असताना पाहावी. बाहेर काढलेली जीभ निरोगी माणसाचीही थरथरते. गुरुजींची जीभ तोंडात शांत पडलेली असतानाही आतून किडे वळवळावेत तशी हलत होती आणि तिच्या कडा आत गेल्या होत्या. नंतर हनुवटीवर बोट ठेवून हलकेच हातोडी मारली, तर जबडा झटक्याने मिटला. आता विचार करा. जिभेची आणि जबड्याची नस मानेतून निघत नाही, ती मानेच्या वर, मेंदूच्या देठातून निघते. मानेतली कोणतीही चकती, कितीही सरकली तरी, जीभ वाळवू शकत नाही. निदान त्या क्षणी जवळजवळ झाले होते.

उरलेली तपासणी पुराव्याला पुष्टी देणारी होती. वाळलेल्या हाताच्या मनगटाजवळ हातोडी मारली तर प्रतिक्रिया मंद असायला हवी होती, ती उसळून आली. तळपायावर किल्लीच्या टोकाने रेघ ओढली तर पायाचा अंगठा वर गेला. बाबिन्स्की या शार्कोच्याच शिष्याने १८९६ साली सांगितलेली ही खूण आहे. वाळलेला हात आणि त्याच हातात उसळणारा झटका, हे दृश्य दुसऱ्या आजारात क्वचितच दिसते.

हाताचीही एक खूण सांगण्यासारखी आहे. कोपराजवळ नस दबली तर करंगळीच्या बाजूचा उंचवटा वाळतो. या आजारात पुष्कळदा अंगठ्याचा उंचवटा आणि अंगठा-तर्जनीमधला स्नायू वाळतो, करंगळीची बाजू मात्र बराच काळ भरलेली राहते. तळहात मधोमध वाटून एक बाजू खाऊन टाकावी तसा दिसतो. या स्नायूंच्या नसांची वाटणी पाहिली तर एखाद्या नसेच्या दुखापतीने असे होणे कठीण, हे वैद्यकीय विद्यार्थ्यालाही कळेल.

सर्वांचीच सुरुवात हातापासून होत नाही. साधारण चौथा हिस्सा ते एक तृतीयांश रुग्णांत पहिली तक्रार बोलण्याची किंवा गिळण्याची असते. बोलणे नाकातून येते, शब्द चिकटतात, पाणी पिताना ठसका लागतो. जेवण नीट जाते, पण पाण्याला ठसका लागतो, हे ध्यानात ठेवावे. कधी न पिणाऱ्या एका माळकरी गृहस्थांवर दारूचा आळ आल्याचे मी पाहिले आहे. काही जणांना विनाकारण हसू किंवा रडू येते आणि आवरत नाही. घरचे म्हणतात, मनावर परिणाम झाला. तसे नसते. वरच्या तारेचा लगाम सुटला, की चेहऱ्याचेही हेच होते. काहींच्या स्वभावात आणि विचारशक्तीत मात्र खरोखरच बदल होतो, आणि तोही विचारून घ्यावा लागतो.

तपासण्या कशासाठी?

"डॉक्टर, रक्तात येईल का हो हे?" हा हमखास प्रश्न. येत नाही. रक्ताची, फोटोची किंवा विजेची अशी एकही तपासणी नाही, की जी एकटी या आजाराचे नाव सांगेल. मग इतक्या तपासण्या कशाला? त्या करायच्या असतात दुसरे काही सापडते का, ते पाहायला. थायरॉइड, ब-१२, साखर, स्नायूंचे घटक, एच.आय.व्ही. आणि गरजेप्रमाणे आणखी काही. एम.आर.आय. मानेचाच नव्हे, तर मेंदूचाही.

यांतली खरी उपयोगाची तपासणी म्हणजे नसांमधून विजेचा प्रवाह कसा जातो ते पाहणारी नर्व्ह कंडक्शन आणि स्नायूत बारीक सुई घालून करायची ई.एम.जी. सुईचे नाव ऐकून रुग्ण बिचकतात. थोडे दुखते, नाही असे नाही. पण जो पाय रुग्णाला ठणठणीत वाटतो, त्यातही खालची तार तुटू लागल्याचे ही सुई दाखवते. आजार एका हातापुरता आहे की पसरला आहे, हे त्यावरून ठरते.

पूर्वी निदानाचे नियम फार किचकट होते. १९९० साली स्पेनमधील एल एस्कोरियाल येथे तज्ज्ञ जमले आणि त्यांनी संशयित, शक्य, संभाव्य, निश्चित अशा पायऱ्या ठरवल्या. संशोधनाला ते ठीक होते. पण "तुम्हाला हा आजार शक्य आहे" असे कागदावर वाचणाऱ्या माणसाने काय समजायचे? २०१९ साली ऑस्ट्रेलियातील गोल्ड कोस्ट येथे पुन्हा बैठक झाली आणि या पायऱ्या काढून टाकल्या. आता थोडक्यात असे पाहतात : आधी धडधाकट असलेल्या माणसाची ताकद उत्तरोत्तर कमी होते आहे का, शरीराच्या एका तरी भागात दोन्ही तारांची किंवा निदान दोन भागांत खालच्या तारेची खूण आहे का, आणि दुसरा आजार तपासण्यांनी वगळला आहे का. तिन्ही जुळले, तर निदान पक्के.

यांतला पहिला शब्द "उत्तरोत्तर" सर्वांत महत्त्वाचा आहे. काही रुग्णांच्या बाबतीत मी पहिल्या भेटीत काहीच म्हणत नाही. तीन महिन्यांनी बोलावतो, पकड पुन्हा मोजतो, वजन पाहतो, तीच वाक्ये पुन्हा बोलायला लावतो. काळ हीसुद्धा एक तपासणी आहे आणि तिला पैसे पडत नाहीत. मात्र रुग्णाने तीन महिन्यांत पाच डॉक्टर बदलले, की ही तपासणी कोणालाच करता येत नाही. परदेशातही पहिल्या लक्षणापासून निदानापर्यंत सरासरी वर्षभर जाते, तेव्हा आपल्याकडचा उशीर ही काही आपलीच खासियत नव्हे.

सोंग घेणारे आजार

आता उलट बाजू. शिंपीकाम करणारे ३९ वर्षांचे एक गृहस्थ गेल्या काही वर्षांत माझ्याकडे आले होते. उजव्या हाताचे मनगट लोंबत होते, कात्री चालत नव्हती. संवेदना उत्तम. कोणी तरी त्यांना "मोटर न्यूरॉन आहे, दोन वर्षे काढाल" असे सांगून टाकले होते. त्यांनी शिलाई मशीन विकून टाकले होते. मशीन विकल्याचे सांगतानाच त्यांचा आवाज बदलला. आजाराचे नाव सांगताना तो बदलला नव्हता.

तपासताना काही गोष्टी जुळेनात. दोन वर्षे झाली तरी ताकद गेली त्या मानाने स्नायू वाळले नव्हते. हातोडीची प्रतिक्रिया उसळत नव्हती, उलट त्या हातात मंद होती. जीभ स्वच्छ. आणि दुर्बलता एकेका नसेच्या हद्दीत बसणारी होती. मी त्यांना वैद्यकीय महाविद्यालयातील मेंदूविकारतज्ज्ञांकडे पाठवले. त्यांनी नसेवर जागोजागी विजेचा धक्का देऊन पाहिला. मधेच एका ठिकाणी प्रवाह अडत होता. तार तुटलेली नव्हती, वाटेत अडथळा होता. या विकाराला मल्टिफोकल मोटर न्यूरोपथी म्हणतात. यात शरीराची प्रतिकारशक्तीच नसांवर उलटते. शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन दिले, की हात बऱ्याच रुग्णांत सुधारतो. औषध महाग आहे, एका फेरीचा खर्च लाखांच्या घरात जातो आणि ते पुनःपुन्हा घ्यावे लागते. या गृहस्थांनी मदत मिळवून ते घेतले. मनगट वर आले. नवे नाही, पण जुने मशीन त्यांनी पुन्हा घेतले आहे. नेहमीचे स्टेरॉइड या विकारात उपयोगी पडत नाही, कधी कधी दुर्बलता वाढवते. म्हणून "आधी देऊन बघू" ही पद्धत येथे चालत नाही.

तरुण मुलांचे आई-बाप घाबरून येतात तो आणखी एक विकार म्हणजे जपानच्या हिरायामांनी १९५९ साली वर्णन केलेला. पंधरा ते पंचवीस वयाचा मुलगा, बहुधा एकच हात, पंजा आणि मनगटाखालचा भाग वाळतो, थंडीत बोटे आणखी आखडतात. तो काही वर्षे वाढतो आणि थांबतो. मान पुढे वाकवून एम.आर.आय. काढला तर कारण दिसते. सरळ मानेच्या फोटोत ते सुटू शकते. भारतात असे रुग्ण बरेच आढळतात. मद्रासच्या डॉक्टरांनी १९७० साली एक वेगळाच प्रकार नोंदवला. तरुण वय, हातपाय बारीक, चेहरा व जीभ दुर्बल, जोडीला बहिरेपणा, पण आयुष्य दीर्घ. त्याला मद्रास मोटर न्यूरॉन डिसीज असेच नाव पडले आहे.

विदर्भातील वाचकांना लाखोळी डाळ माहीत आहे. ती दीर्घकाळ मुख्य अन्न म्हणून खाल्ली, की पाय ताठ होतात आणि माणूस चवड्यांवर, कात्रीसारखा चालतो. तेथे फक्त वरची तार बिघडते, स्नायू वाळत नाहीत आणि आजार जिभेपर्यंत चढत नाही. मायस्थेनियात दुर्बलता सकाळी कमी व संध्याकाळी जास्त असते आणि पापण्या पडतात. मोटर न्यूरॉनच्या रुग्णाची पापणी पडत नाही, डोळे शेवटपर्यंत सगळीकडे फिरतात.

आणि ज्यांची पोटरी किंवा पापणी नुसती लवते त्यांच्यासाठी चार शब्द. जागरण, चहा-कॉफीचा अतिरेक, दमणूक, काळजी यांमुळे निरोगी माणसाचेही स्नायू फडफडतात. ताकद पूर्ण आहे, स्नायू वाळलेला नाही आणि तपासणी ठीक आहे, तर नुसत्या फडफडीने घाबरायचे कारण नाही. या आजाराचा धडा वाचून झाला, की वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहात निम्म्या मुलांच्या पोटऱ्या लवू लागतात, हे मी स्वतः पाहिले आहे.

सांगायचे की नाही?

गुरुजींच्या मुलाने मला दाराबाहेर गाठले. "डॉक्टरसाहेब, बाबांना काही सांगू नका. ते खचतील." हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकले आहे आणि त्यामागची माया मला कळते. आपल्या घरांत वाईट बातमी थोरांपासून लपवण्याची रीत आहे. पण या आजारात ती रीत रुग्णाला महागात पडते, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण येथे बुद्धी बहुधा शाबूत असते आणि आधी सही जाते, नंतर वाचा जाते. बोलता येते आणि सही करता येते तोवरच बँक, निवृत्तिवेतन, वारस, जमिनीची वाटणी यांची व्यवस्था लावता येते. पुढे श्वासाचे यंत्र लावायचे की नाही, हे त्या माणसाने स्वतः ठरवायचे असते. त्याला आजारच माहीत नसेल, तर तो ठरवणार काय?

मी मुलाला एवढेच म्हणालो, की मी आपणहून सगळे सांगणार नाही, पण त्यांनी विचारले तर खोटे बोलणार नाही. गुरुजींनी विचारले. वहीतून फाडलेल्या कागदावर डाव्या हाताने चार प्रश्न लिहून आणले होते. पहिला प्रश्न निवृत्तीपर्यंत उभे राहता येईल का, हा होता. मुलांना होईल का, हा दुसरा. त्याचे उत्तर देताना मला हायसे वाटले. शंभरातील नव्वद-पंचाण्णव रुग्णांच्या घराण्यात दुसऱ्या कोणाला हा आजार नसतो. हा संसर्गाने पसरत नाही, ताटात जेवल्याने किंवा जवळ झोपल्याने होत नाही. उरलेल्या थोड्या घराण्यांत मात्र आनुवंशिक दोष असतो. १९९३ साली त्यातला पहिला जनुक सापडला.

औषधाचा प्रश्न राहिला. रिल्युझोल ही गोळी १९९५ साली अमेरिकेत मंजूर झाली. ती आजार बरा करीत नाही, चाचण्यांत तिने आयुष्य दोन-तीन महिन्यांनी वाढल्याचे दिसले. यकृताची तपासणी करत ती घ्यावी लागते. एडॅराव्होन हे औषध २०१५ साली जपानने मंजूर केले. त्याचा फायदा मर्यादित आणि ठरावीक रुग्णांपुरता आहे. १९९३ साली सापडलेल्या त्या एका जनुकाचा दोष असलेल्यांसाठी २०२३ साली अमेरिकेत टोफर्सेन आले. ते फार थोड्यांच्या उपयोगाचे आहे. या गोळ्या-इंजेक्शनांपेक्षा रात्री मास्क लावून श्वासाला मदत करणारे छोटे यंत्र पुष्कळांना जास्त उपयोगी पडते. २००६ साली इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, गिळणे-बोलणे फार बिघडलेले नव्हते अशा रुग्णांचे आयुष्य आणि झोप दोन्ही त्याने सुधारले. वजन फार घटण्याआधी पोटातून अन्ननळी बसवणेही असेच. आणि मूळपेशींचे इंजेक्शन? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशा आजारात मूळपेशी मान्यताप्राप्त चाचणीबाहेर द्यायच्या नाहीत, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. कोणी शेत विकून पैसे भरायला सांगत असेल, तर तेथून उठून यावे.

तपासणीला येणाऱ्यांनी जुने सर्व कागद तारखेप्रमाणे लावून आणावेत. एम.आर.आय.चा अहवालच नव्हे, तर मूळ फिल्म आणावी. बँकेच्या पासबुकावरची किंवा जुन्या कागदावरची सही आणली तर हात केव्हापासून बिघडला ते दिसते. वर्षभरातले वजन माहीत असेल तर लिहून आणावे. आणि एक गोष्ट घरच्यांनी पाहून ठेवावी, रुग्ण स्वतः ती सांगत नाही : आडवे पडल्यावर धाप लागते का, उशा एकीच्या दोन किंवा दोनाच्या तीन झाल्या का, सकाळी उठल्या उठल्या डोके दुखते का, दिवसा बसल्या बसल्या डोळा लागतो का. यांतले काही होत असेल तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये, त्याच आठवड्यात यावे.